टोनर ट्रान्सफर: पावसाळ्यात ट्रॅक तुटतात, तर दोष नेमका कुठे शोधायचा

लेझर प्रिंटरने कागदावर छापलेलं सर्किट इस्त्रीने तांब्याच्या बोर्डावर उमटवायचं आणि उघडं राहिलेलं तांबं फेरिक क्लोराइडच्या द्रावणात विरघळवायचं (एचिंग), की टोनरखालच्या तांब्याच्या रेघा, म्हणजे ट्रॅक, उरतात. घरी सर्किट बोर्ड बनवायच्या या पद्धतीला टोनर ट्रान्सफर म्हणतात. तिच्याबद्दलची तक्रार साधारण अशी असते. एका बाजूचे ट्रॅक छान उमटतात, मधले दोन-तीन अर्धवट राहतात, आयसीचे (चिपचे) एक-दोन पॅड, म्हणजे पाय सोल्डर करायच्या तांब्याच्या टिकल्या, गायब होतात आणि फेरिक क्लोराइडमधून बोर्ड काढला की उरलेल्या तांब्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. इस्त्री जास्त वेळ फिरवली की शेजारचे ट्रॅक एकमेकांत मिसळतात, कमी फिरवली की कागदाबरोबर टोनरही निघून येतो. प्रिंटर तोच, कागद तोच, इस्त्री तीच. एप्रिलमध्ये बोर्ड नीट निघत होते, जुलै लागला आणि एकामागून एक फुकट जायला लागले.

अशा वेळी पहिला संशय फेरिक क्लोराइडवर जातो, कारण नुकसान तिथे दिसतं. पण ते बहुतेक वेळा आधीच झालेलं असतं. टोनर तांब्यावर आहे तोवर थिनरच्या बोळ्याने पुसून पुन्हा सुरुवात करता येते, फुकट जातो तो एक कागद आणि दहा मिनिटं. तांबं एकदा विरघळलं की बोर्डच गेला. म्हणून खालची सगळी तपासणी एचिंगच्या आधीची आहे.

आधी बोर्ड फिरवून बघा

एकाच कामाच्या तीन प्रिंट काढा आणि प्रत्येक प्रिंट उजेडासमोर धरून नीट बघा. काळ्या भागात राखाडी पट्टा किंवा पांढरे ठिपके तिथेच दिसत असतील, तर इस्त्रीपर्यंत जायची गरज नाही. ठिपके कागदाच्या लांबीत ठरावीक अंतराने पुन्हा येत असतील, तर प्रिंटरच्या ड्रमवर (टोनर कागदावर देणाऱ्या फिरत्या नळकांड्यावर) ओरखडा आहे. लहान लेझर प्रिंटरमध्ये हे अंतर ड्रमच्या परिघाएवढं, साधारण ७५ ते ९५ मिमी असतं. डिझाइन कागदावर थोडं सरकवून तो भाग चुकवता येतो.

प्रिंट निर्दोष असेल तर पहिला बोर्ड नेहमीसारखा इस्त्री करा आणि टोनर कुठे चिकटला नाही ते लिहून ठेवा. टोनर पुसून टाका. आता दुसरी प्रिंट त्याच बोर्डावर लावा, पण इस्त्रीखाली बोर्ड अर्धा फेरा फिरवून ठेवा. रिकामी जागा बोर्डाबरोबर फिरली, तर दोष तांब्यात किंवा बोर्डाच्या सपाटीत आहे. इस्त्रीच्या बाजूला जिथे होती तिथेच राहिली, तर इस्त्रीत किंवा खालच्या फळीत आहे. आणि दर वेळी नवीनच ठिकाणी निघाली, तर कागदातली ओल हे कारण जवळजवळ नक्की समजा. ठाणे-नवी मुंबईत जून ते सप्टेंबर हा तिसराच प्रकार सगळ्यात जास्त दिसतो.

ओल: खरा गुन्हेगार

टोनर म्हणजे शाई नव्हे. काजळी मिसळलेली ती प्लॅस्टिकची भुकटी असते. प्रिंटर ती वितळवून कागदावर बसवतो, इस्त्रीने आपण पुन्हा वितळवतो आणि तांब्याला चिकटवतो. म्हणून इंकजेटच्या प्रिंटने हे काम होत नाही. चिकटण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: उष्णता, दाब आणि टोनर व तांबं यांच्यात दुसरं काहीही नसणं. ओला कागद तिन्हींवर पाणी फिरवतो, शब्दशः.

हिशोब करून बघा. १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला १८० ग्रॅम) कागदाचा १० × ८ सेंमीचा तुकडा जेमतेम दीड ग्रॅमचा असतो. त्याने दोन टक्के जादा ओल धरली तर ती ०.०३ ग्रॅम होते, नगण्य वाटते. पण त्याची वाफ सुमारे ५० मिलि होते. कटिंगचा ग्लास अर्ध्याहून जास्त भरेल एवढी वाफ कागद आणि तांबं यांच्या फटीतून बाहेर पडायला बघते. कडेजवळची निसटते, मधली अडकते आणि तिथे टोनर तांब्यापासून उचलला जातो. कडा नीट आणि मध्य खराब, हे चित्र बहुतेक इथूनच येतं. शिवाय वाफ होईपर्यंत ते पाणी उष्णता खात राहतं, त्यामुळे वर इस्त्री तापलेली असूनही टोनर पुरेसा वितळत नाही.

उपाय सोपे आहेत, फक्त न चुकता करायला हवेत. ग्लॉसी कागदाचं पाकीट उघडल्यावर उरलेले कागद झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. नवीन बूट किंवा पर्समधून निघणाऱ्या पुड्या चालतात, पण त्या आधी ओल धरून बसलेल्या असतात. दोन-तीन तास उन्हात तापवल्या तर थोडा फरक पडतो, आणि पावसाळ्यात ऊन नसेल तर नवीन घेतलेल्या बऱ्या. प्रिंट काढण्याआधी तोच कागद एकदा कोरा प्रिंटरमधून जाऊ द्या. रिकामं पान प्रिंटला दिलं की फ्यूजरच्या, म्हणजे टोनर वितळवणाऱ्या गरम रोलरच्या, उष्णतेने कागद वाळतो. लगेच त्यावर खरी प्रिंट काढा आणि अर्ध्या तासाच्या आत इस्त्री करा. रात्री प्रिंट काढून टेबलावर ठेवली आणि सकाळी इस्त्री केली, तर वाळवल्याचा काही उपयोग नाही.

खाडीकाठी, ऐरोली-कोपरखैरणे असो वा कळवा, पावसाळ्यात घरातली हवा रात्रभर दमट राहते. एसीच्या खोलीत काम केलं तर फरक जाणवतो. एसी नसेल तर निदान स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना हे काम काढू नका.

कागद आणि झेरॉक्सचं दुकान

१३० ते १८० जीएसएमचा ग्लॉसी फोटो पेपर बरा पडतो. एक इशारा मात्र महत्त्वाचा आहे. इंकजेटच्या काही फोटो पेपरवर प्लॅस्टिकचा थर असतो, ज्याला रेझिन कोटेड म्हणतात. तो लेझर प्रिंटरच्या फ्यूजरमध्ये वितळून रोलरला चिकटतो. दुसऱ्याच्या मशीनचा फ्यूजर गेला तर भरपाई द्यावी लागेल आणि ते दुकानही तुमच्यासाठी कायमचं बंद होईल. ओळख सोपी आहे. कागदाचा कोपरा पाण्यात दहा मिनिटं बुडवा. भिजून मऊ झाला, चोळल्यावर लगदा निघाला, तर चालेल. पाणी आतच गेलं नाही तर नको. हाच कागद पुढे भिजवून काढायचा असल्यामुळे ही परीक्षा दोन्ही बाजूंनी कामाला येते.

मासिकाचा चकचकीत कागदही चालतो आणि पटकन भिजतो, पण पातळ असल्यामुळे प्रिंटरमध्ये अडकतो. साध्या ए-४ कागदाला त्याची पुढची कड टेपने चिकटवून मगच घाला. टाचणी राहिलेली नाही ना, हे बघा.

दुकानात जाणार असाल तर फाइल पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर न्या. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेली की तिचा आकार आणि कडांचा धारदारपणा दोन्ही जातात. दुकानदाराला दोनच गोष्टी सांगा: टोनर सेव्ह बंद आणि ॲक्चुअल साइज. ‘फिट टू पेज’ राहिलं तर प्रिंट तीन टक्के लहान येते आणि ते डोळ्यांना कळत नाही. ४० पायांच्या आयसीच्या एका रांगेत पहिल्या पायापासून विसाव्यापर्यंत ४८.२६ मिमी अंतर असतं. तीन टक्के घटले की जवळजवळ दीड मिलिमीटर जातं आणि शेवटचे पाय भोकात बसत नाहीत. खिशात एक निकामी ८०५१ (४० पायांची आयसी) ठेवा आणि दुकानातच कागदावर ठेवून बघा. प्रिंटची झेरॉक्स काढू नका, झेरॉक्समध्ये माप थोडं बदलतं. थेट प्रिंटच हवी.

मिररचा, म्हणजे आरशातल्यासारखं उलटं छापायचा, घोळही इथेच होतो. खालच्या बाजूचं कॉपर सॉफ्टवेअरमध्ये वरून, बोर्डाच्या आरपार बघितल्यासारखं दिसतं. ते तसंच, मिरर न करता छापायचं, कागद उलटा ठेवल्यावर आपोआप सुलट होतं. वरच्या बाजूचं कॉपर असेल तर मात्र मिरर करायचं. कॉपरच्या थरावर एखादं अक्षर टाका. कागदावर ते उलटं दिसलं की बोर्डावर सुलट येणार.

डिझाइनमध्येही थोडी माया ठेवा. ट्रॅक आणि त्यांच्यातली फट ०.४ मिमीपेक्षा कमी नको, जागा असेल तर ट्रॅक ०.८ ठेवा. पॅडमधलं भोक प्रिंटमध्ये ०.३ ते ०.४ मिमीचंच छापा. एचिंगनंतर तिथे बारीक खळगा होतो आणि ड्रिलचं टोक घसरत नाही. मोठा ग्राउंड प्लेन (ग्राउंडला जोडलेला तांब्याचा मोठा भाग) सलग काळा छापला की बरेच प्रिंटर मध्यभागी फिकट छापतात, म्हणून तिथे जाळी टाकलेली बरी.

तांबं

रिकामी जागा बोर्डाबरोबर फिरत असेल तर इथे बघा. तांब्याच्या बोर्डाचे बाजारात दोन प्रकार मिळतात. तपकिरी फिनॉलिक स्वस्त असतं, पण इस्त्रीने वाकतं, आणि जास्त तापलं तर तांब्याला फुगे येतात. हिरवट-पिवळसर ग्लास इपॉक्सी, १.६ मिमी जाडीचं, ३५ मायक्रॉन तांब्याचं, या कामाला योग्य. मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत दोन्ही मिळतात. चार पैसे जास्त गेले तरी ग्लास इपॉक्सीच घ्या.

हॅक्सॉने कापलेल्या बोर्डाच्या कडेला तांब्याची धार उभी राहते. बोट फिरवल्याशिवाय ती कळत नाही. इस्त्री त्या धारेवर टेकते आणि कडेलगतचा तीन-चार मिलिमीटरचा पट्टा दाबाविना राहतो. कानशीने चारही कडा खाली उतरवा. एवढ्यानेच बऱ्याच जणांचा प्रश्न मिटतो.

मग साफसफाई. हिरव्या स्क्रबरने, पाण्याखाली, आधी आडवं मग उभं घासा. तांब्याची भांडी घासायला घरात पितांबरी असेल तर तीही चालते. ती ठाण्याचीच आहे, त्यामुळे इथे सगळ्यांच्या घरात असते. चिंच किंवा लिंबू-मीठही काळेपणा काढतं, पण मीठ राहिलं तर दमट हवेत तासाभरात तांबं हिरवट पडायला लागतं. काहीही वापरा, शेवटी भांड्यांचा साबण आणि भरपूर पाणी. परीक्षा अशी: बोर्ड उभा धरा. पाण्याचा सलग पडदा टिकला तर स्वच्छ, थेंब जमले तर अजून तेल आहे. पुसल्यावर आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) हात फिरवा आणि त्यानंतर तांब्याला बोट लावू नका, फक्त कडा धरा. चकचकीत पॉलिशची गरज नाही, उलट बारीक ओरखड्यांचं तांबं टोनरला जास्त धरतं.

इस्त्री

स्टीम इस्त्रीच्या तळाला भोकं असतात. त्या भोकांखाली ना दाब पोचतो ना पुरेशी उष्णता. बोर्ड फिरवूनही रिकामी जागा इस्त्रीच्या बाजूला राहत असेल, तर दहापैकी नऊ वेळा हेच कारण समजा. जुनी, जड, साधी इस्त्री उत्तम. कपड्यांच्या खुणेप्रमाणे दोन ठिपके म्हणजे साधारण १५० अंश, तीन ठिपके म्हणजे २०० अंश सेल्सिअस. थर्मोस्टॅट पहिल्या वेळी मर्यादेच्या पुढे जातो, म्हणून दिवा दोनदा जाऊ-येऊ द्या आणि मग हात घाला.

खाली काय आहे याकडे कोणाचं लक्ष जात नाही. ओट्याचा ग्रॅनाइट उष्णता ओढून घेतो आणि बोर्ड खालून थंड राहतो. सपाट लाकडी फळी घ्या, वर वर्तमानपत्राच्या चार घड्या ठेवा.

१० × ८ सेंमीच्या ग्लास इपॉक्सी बोर्डासाठी क्रम असा ठेवा. बोर्डावर कोरा कागद ठेवून दोन ठिपक्यांवर एक मिनिट इस्त्री ठेवा, तांब्यावरची ओल जाते आणि बोर्ड तापतो. गरम बोर्डावर प्रिंट उलटी ठेवा. ती लगेच चिकटते, त्यामुळे पहिल्याच झटक्यात नीट जुळवून ठेवावी लागते, नंतर सरकवू नका. मग तीन ठिपके, वाफ बंद, अंगाचा भार देऊन अर्धा मिनिट न हलवता दाबा. त्यानंतर इस्त्रीच्या टोकाने आणि कडेने तीन ते चार मिनिटं, मध्यापासून बाहेर, कोपरे न विसरता फिरवा. कागदाच्या पाठीवर ट्रॅकच्या आकृतीचा उठाव दिसायला लागला की काम झालं. कागद किंचित पिवळा पडला तर हरकत नाही, तपकिरी झाला तर उष्णता जास्त आहे.

ट्रॅक पसरत असतील तर वेळ कमी करण्याआधी भार कमी करा. चिकटतच नसेल तर उलट, आधी वेळ एका मिनिटाने वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर पुढच्या वेळी काय जमलं ते कळणार नाही. काही प्रिंटरचा टोनर मुळातच जास्त तापमानाला वितळतो. सगळं करूनही जमत नसेल तर दुसऱ्या दुकानातली प्रिंट घेऊन बघा.

भिजवणं आणि तिरप्या उजेडातली तपासणी

पाच मिनिटं थंड होऊ द्या. मग कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, वीस मिनिटं. कागद ओढून काढू नका, थर थर करून अंगठ्याने चोळून काढा. शेवटचा पांढुरका थर कागदाचा नसून वरच्या लेपाचा असतो. जुन्या टूथब्रशने आणि थोड्या व्हिनेगरने तो बहुधा सुटतो.

आता बोर्ड वाळवा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने, अगदी तिरपा धरा. ट्रॅकच्या मध्ये धागे दिसले तर तिथलं तांबं विरघळणार नाही आणि शॉर्ट होईल. आयसीच्या पायांमधले धागे सुईने काढा. टोनरमध्ये चमकणारे ठिपके दिसले तर ती उद्याची भोकं. पाच-सहा असतील तर परमनंट मार्करचे दोन हात द्या, पहिला वाळल्यावरच दुसरा. नेलपॉलिश त्याहून पक्कं. अख्खा ट्रॅक गेला असेल तर डागडुजी करत बसू नका, थिनर घ्या आणि पुन्हा करा.

फेरिक क्लोराइडबद्दल थोडक्यात

२५० मिलि पाण्यात १०० ग्रॅम भुकटी पुरते. भुकटी पाण्यात थोडी थोडी घाला, पाणी भुकटीवर कधीच ओतू नका. कोरडी भुकटी विरघळताना खूप तापते आणि नाकाला झोंबणारा धूर येतो. खिडकी उघडी, हातमोजे आणि चष्मा. प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि तो पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका. स्टीलचं सिंक, नळ, जवळ ठेवलेले पक्कड-स्क्रूड्रायव्हर, सगळ्यांना ते गंजवतं. कपड्यावरचा पिवळा डाग सहज जात नाही.

डबा गरम पाण्याच्या परातीत ठेवून द्रावण ४० ते ४५ अंशाला आणा आणि सतत हलवत राहा. ताज्या द्रावणात दहा-पंधरा मिनिटं लागतात. पाऊण तास लागत असेल तर द्रावण संपलेलं आहे, आणि बोर्ड तसाच बुडवून ठेवला तर द्रावण टोनरच्या खालून बाजूने तांबं खातं. ३५ मायक्रॉनच्या तांब्यात प्रत्येक कडेला साधारण तेवढंच जातं, वेळ वाढला तर जास्त. बारीक ट्रॅक तुटण्याचं हे एक खरं एचिंगचं कारण. द्रावण किती पुरेल याचाही अंदाज घ्या. १० × १५ सेंमीच्या बोर्डावर पावणेपाच ग्रॅमच्या आसपास तांबं असतं. १०० ग्रॅम कोरडी भुकटी कागदावरच्या हिशोबाने १९ ग्रॅमहून थोडं जास्त विरघळवते, पण निम्म्यावर आली की वेग इतका मंदावतो की नवीन केलेलं बरं.

वापरलेलं द्रावण बाथरूमच्या जाळीत ओतू नका. विरघळलेलं तांबं जलचरांना घातक असतं, आणि आपल्या शहरांचं सांडपाणी शेवटी ज्या बाजूला जातं ती ठाण्याची खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. मोठ्या बादलीत द्रावणात धुण्याचा सोडा चमचा चमचा घाला. जोरात फेस येतो, बादली अर्धीच भरलेली असू द्या. फेस थांबला की थोडा सोडा आणखी घाला आणि रात्रभर ठेवा. तळाशी बसलेला गाळ फडक्यातून गाळून वाळवा आणि घरगुती घातक कचऱ्यात वेगळा द्या. वरचं पाणी निळसर-हिरवं दिसत असेल तर तांबं अजून त्यात आहे. आणखी सोडा घाला आणि पुन्हा थांबा.

टोनर पुसल्यावर लगेच मल्टिमीटरचा बझर लावून शेजारशेजारचे सगळे ट्रॅक शॉर्टसाठी आणि प्रत्येक ट्रॅक दोन टोकांमध्ये तुटीसाठी तपासा. ड्रिल त्यानंतर: आयसी आणि रेझिस्टरला ०.८ मिमी, १एन४००७ डायोड आणि कनेक्टरला १ मिमी किंवा थोडं जास्त. ग्लास इपॉक्सीची धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा. सोल्डर त्याच दिवशी करणार नसाल तर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या रोझिनचा (सोल्डरिंगच्या राळेचा) पातळ हात द्या, नाहीतर या हवेत दोन-चार दिवसांत तांबं काळवंडतं आणि सोल्डर धरत नाही.